मुक्या जनावरांचे कैवारी : सर जमशेटजी जीजीभाई

इ. स. १८३२ मधील जून महिन्याची ६ तारीख. मुंबई शहर त्या वेळी आजच्याइतके पसरलेले नव्हते. किल्ल्याच्या तटाच्या आत गोऱ्या अधिकाऱ्यांची, पारशी शेठियांची आणि सावकारांची दाट वस्ती होती. तटाबाहेर मोकळे मैदान होते आणि त्यापलीकडे भुलेश्वर, गिरगाव, मांडवी या भागांत देशी लोकांची घरे होती. पावसाळा अद्याप सुरू झालेला नव्हता. उन्हाच्या झळा लागत होत्या. त्या दिवशी सकाळी पोलिसांचे शिपाई हातांत सोटे घेऊन किल्ल्यातील गल्ल्यांत शिरले आणि दिसेल त्या कुत्र्यास ठार मारू लागले.

हे काम काही नवे नव्हते. मोकाट कुत्री फार झाली, ती पिसाळतात व माणसांस चावतात, म्हणून उन्हाळ्याच्या दिवसांत त्यांस मारावे, असा नियम सरकारने इ. स. १८१३ मध्येच केला होता. सरकारची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. पिसाळलेले कुत्रे चावले की त्यावर त्या काळी कोणताच उपाय नसे. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यावरील लस पहिल्या प्रथम एका मुलास टोचली, ती इ. स. १८८५ मध्ये. तोपर्यंत ज्यास हा रोग जडला त्याचे मरण ठरलेलेच असे. तेव्हा रस्त्यांतून माणसांनी निर्भयपणे हिंडावे, अशी इच्छा राज्यकर्त्यांनी बाळगली तर त्यात नवल नव्हते. परंतु इच्छा चांगली असली, तरी ती पुरी करण्याचा मार्ग क्रूर असू शकतो. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलेले होते. त्या काळी आठ आणे ही लहान रक्कम नव्हे. त्यामुळे पिसाळलेले कुत्रे कोणते आणि निरोगी कोणते, मोकाट कोणते आणि पाळलेले कोणते, हे पाहण्याचे कारण शिपायांस उरले नाही. दारात निजलेली कुत्रीही त्यांच्या सोट्यांखाली सापडू लागली. त्यातच त्या वर्षी कुत्री मारण्याची मुदत एक महिन्याने वाढवून जूनच्या मध्यापर्यंत नेण्यात आली.

पारशी लोकांच्या धर्मात कुत्र्यास फार मान आहे. माणूस मरण पावला म्हणजे त्याच्या देहाजवळ कुत्र्यास आणून त्याची दृष्टी पाडण्याचा विधी ते करीत. पुण्यवान आत्म्यास परलोकाच्या वाटेवर कुत्रा सोबत करतो, अशी त्यांची श्रद्धा. ६ जून हा दिवस तर त्यांच्या सणाचा होता. अशा दिवशी आपल्या डोळ्यांदेखत कुत्री मारली जात असलेली पाहून लोकांचा संयम सुटला. जमाव शिपायांवर धावून गेला आणि त्यांस बेदम मार बसला. दुसऱ्या दिवशी प्रकरण आणखी वाढले. पारशांबरोबर हिंदू व जैन व्यापाऱ्यांनीही आपली दुकाने उघडली नाहीत. सारा बाजार बंद पडला. लष्कराच्या छावणीकडे जाणारे अन्नधान्य वाटेत अडवले गेले. अखेरीस पलटण बोलावण्यात आली, कित्येकांची धरपकड झाली आणि रस्ते शांत झाले.

रस्ते शांत झाले, पण प्रश्न तसाच राहिला. लोकांनी दंगा केला, हे योग्य झाले नाही. शिपाई हुकुमाचे ताबेदार होते, त्यांची डोकी फोडून हुकूम बदलत नाही. अशा वेळी शहरातील प्रमुख शेठिये एकत्र आले. त्यांनी सरकारकडे अर्ज केला. कुत्र्यांस मारू नये, त्यांस पकडून शहराबाहेर दूर नेऊन सोडावे आणि पकडलेल्या लोकांवर दया करावी, असे त्या अर्जाचे तात्पर्य होते. हा समेट घडवून आणण्यासाठी जे गृहस्थ पुढे झाले, त्यांत जमशेटजी जीजीभाई हे एक होते. त्यांचे वय त्या वेळी अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, आणि सरकार व रयत या दोघांचाही त्यांच्यावर विश्वास होता. हा विश्वास त्यांनी कसा मिळवला, हे समजण्यासाठी त्यांच्या लहानपणाकडे वळले पाहिजे.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ रोजी झाला. त्यांचे घराणे मूळचे गुजरातेतील नवसारीचे. वडील मेरवानजी हे साध्या स्थितीतील गृहस्थ होते. जमशेटजींचे बालपण नवसारीत गेले. शिक्षण म्हणावे तर थोडे गुजराती लिहिणे-वाचणे आणि व्यापाराला लागेल तेवढा हिशेब. इंग्रजी त्यांना पुढेही बेताचेच येई. सोळा वर्षांचे होतात न होतात तोच आईबाप दोघेही एकाच वर्षी, म्हणजे इ. स. १७९९ मध्ये, निवर्तले. पोरका मुलगा मुंबईस आपल्या नातलगांकडे, फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांच्याकडे आला. रिकाम्या बाटल्या विकत घेणे व विकणे हा फ्रामजींचा धंदा. या धंद्यामुळे जमशेटजींसही काही काळ लोक बाटलीवाला म्हणूनच ओळखीत. पुढे फ्रामजींचीच कन्या आवाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

बाटल्यांच्या दुकानात बसून राहण्याचा जमशेटजींचा स्वभाव नव्हता. एका नातलगाचा कारकून म्हणून ते गलबतावर चढले आणि चीन देशास गेले. त्यानंतर आणखी चार वेळा त्यांनी हा प्रवास केला. त्या काळी समुद्रावरचा प्रवास म्हणजे जिवावरचा खेळ. वारा पडला तर गलबत आठवडेच्या आठवडे एका जागी उभे राही, आणि वादळ झाले तर माल व माणसे दोन्ही तळाशी जात. शिवाय इंग्रज आणि फ्रेंच यांचे युद्ध चालू होते. इ. स. १८०५ मध्ये जमशेटजी ब्रन्सविक नावाच्या जहाजातून जात असता फ्रेंच आरमाराने ते जहाज पकडले आणि दूर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी नेले. जमशेटजींचा सारा माल गेला. अंगावरच्या कपड्यांनिशी परक्या मुलखात ते उतरले. याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण स्कॉटिश वैद्य होता. संकटात झालेली त्यांची ओळख पुढे मोठ्या व्यापारी स्नेहात बदलली. बऱ्याच हालअपेष्टा सोसून जमशेटजी मुंबईस परतले. आणि नवल असे की, घरी न बसता ते पुन्हा चीनला गेले.

या व्यापारात त्यांनी अपार संपत्ती मिळवली. इ. स. १८१४ मध्ये त्यांनी स्वतःचे पहिले जहाज घेतले आणि मागाहून आणखी जहाजे त्यांच्या मालकीची झाली. मुंबईचा कापूस त्यांच्या जहाजांतून चीनला जाई. पण कापसाबरोबर अफूही जाई, हे येथे लपवून ठेवण्याचे कारण नाही. त्या व्यापाराने चीनमधील असंख्य घरांची धूळधाण केली. त्या काळच्या मुंबईत हा धंदा उघडपणे व कायद्याने चाले आणि प्रतिष्ठित लोक तो करीत. एवढे मात्र खरे की, मिळालेले धन जमशेटजींनी पेटीत कोंडून ठेवले नाही. ते एका हाताने आले आणि दुसऱ्या हाताने गेले.

या व्यापारातील त्यांचे एक भागीदार म्हणजे मोतीचंद अमीचंद. मोतीशा या नावाने ते मुंबईत प्रसिद्ध होते. मोतीशा हे जैन, जमशेटजी पारशी. तिसरे भागीदार महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान, आणि रोजेरियो द फारिया हे ख्रिस्ती. चार धर्मांचे चार व्यापारी एका पेढीच्या कामात शेजारी शेजारी बसत. त्यांपैकी मोतीशा आणि जमशेटजी यांची मने एका गोष्टीत विशेष जुळली होती. मुंगीलाही दुखवू नये अशी शिकवण मोतीशांस लहानपणापासून मिळालेली, तर कुत्रा आणि गाय यांस जपणे हे जमशेटजींच्या धर्मात पुण्याचे.

१८३२ चा दंगा या दोघांनी जवळून पाहिला होता. कुत्र्यांस मारू नये, ही लोकांची मागणी. रस्त्यांत मोकाट कुत्री नकोत, ही सरकारची अडचण. दूर नेऊन सोडलेली कुत्री परत येणार नाहीत कशावरून? आणि ज्या म्हाताऱ्या बैलास मालकाने हाकलून दिले, लंगडा झाला म्हणून जो घोडा रस्त्यावर सोडला, त्यांनी जावे कोठे? अर्ज करून सरकारचा हात थांबवता येतो. पण हात थांबला म्हणून जनावराच्या पोटात घास पडत नाही. त्यास जागा पाहिजे, वैरण पाहिजे, पाणी पाहिजे, देखभाल करणारी माणसे पाहिजेत. हे सर्व कोणा एका दात्याच्या लहरीवर न ठेवता कायमचे उभे करावयाचे, तर सगळ्या शहराने त्यात हात घातला पाहिजे.

गुजरातेत यासाठी एक जुनी रीत होती. गावोगावच्या महाजनांनी पांगळ्या, आजारी व निराधार जनावरांसाठी वाडे राखलेले असत. अशा वाड्यास पांजरापोळ म्हणत. मोतीशा व जमशेटजी यांनी हीच रीत मुंबईत आणण्याचे ठरवले आणि १८ ऑक्टोबर १८३४ रोजी मुंबईच्या पांजरापोळाची स्थापना झाली. भुलेश्वरजवळ त्याचा वाडा उभा राहिला. दोघांनी स्वतःच्या थैल्या मोकळ्या केल्याच. पण त्यांचे खरे शहाणपण दिसते ते पुढच्या खर्चाच्या व्यवस्थेत. शहरातील व्यापारी एकत्र बसले आणि त्यांनी आपल्या मालाच्या व्यवहारावर एक लहानशी पट्टी आपण होऊन बसवून घेतली. हिला लागा म्हणत. माल विकला गेला की त्यातील ठरलेला अल्पसा अंश पांजरापोळाकडे जावयाचा. सरकारचा हुकूम नाही, शिपायाचा धाक नाही. तरी पट्टी वसूल होई, कारण ती चुकवणाऱ्यास बाजारात मान खाली घालावी लागे. अशा रीतीने हिंदू, जैन, पारशी या सर्वांच्या व्यापारातून मुक्या जनावरांचा वाटा निघू लागला.

पांजरापोळात गाई, बैल, म्हशी, घोडे, शेळ्या, कुत्री आणि पाखरेसुद्धा ठेवली जात. जनावर कामाचे आहे की नाही, दूध देते की नाही, हा प्रश्न तेथे विचारला जात नसे. उलट जे कामाचे राहिले नाही त्याच्यासाठीच तो वाडा होता. मालाने भरलेला खटारा बंदरापासून वखारीपर्यंत वर्षानुवर्षे ओढून ज्याच्या खांद्यावर घट्टे पडले, तो बैल तेथे मरेपर्यंत बसून चारा खाई. मोतीशा या कामाचे फळ फार दिवस पाहू शकले नाहीत. ते इ. स. १८३६ मध्ये वारले. जमशेटजींनी मात्र हे काम पुढे बरीच वर्षे डोळ्यांपुढे वाढताना पाहिले.

पांजरापोळ उभे राहून चार वर्षे झाली, तोच दुसरे संकट आले. किल्ल्याबाहेरच्या मैदानात शहरातील गुरे चरत. इ. स. १८३८ मध्ये सरकारने चराईवर कर बसवला. ज्यांच्या गोठ्यात पुष्कळ गुरे आणि गाठीला पुष्कळ पैसा, त्यांना त्याचे काही वाटले नाही. परंतु एखाददुसरी गाय बाळगून तिच्या दुधावर पोरेबाळे पोसणारा गरीब माणूस तो कर कोठून देणार? गुरे दावणीला उपाशी राहू लागली. जमशेटजींनी या वेळी कर उठवण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी आपल्या पदरचे २०,००० रुपये खर्चून ठाकुरद्वाराजवळ समुद्रकाठची गवताळ जमीन विकत घेतली आणि ती गुरांसाठी मोकळी सोडली. कोणीही यावे, आपली गाय सोडावी, पै देऊ नये.

गुरे तेथे चरू लागली म्हणून त्या भागास चर्नी हे नाव पडले, असे सांगतात. पुढे तेथून आगगाडी धावू लागली आणि स्थानकास चर्नी रोड असे नाव मिळाले. या नावाची आणखीही एक उपपत्ती आहे. ठाणे स्थानकाजवळ चेंदणी नावाची जुनी वस्ती आहे. तेथील काही लोक गिरगावात येऊन राहिले आणि त्यांनी आपल्या गावाचे नाव बरोबर आणले, तेच बदलत बदलत चर्नी झाले, असे काही अभ्यासक म्हणतात. दोहोंतील खरे कोणते, हा वाद ठाणेकरांनी आणि मुंबईकरांनी आपसात मिटवावा. जमशेटजींनी गुरांस कुरण घेऊन दिले, यास मात्र त्या वादाने बाध येत नाही.

जमशेटजींची दया जनावरांपुरती होती असे नव्हे. आजारी माणसांसाठी त्यांनी दिलेल्या देणगीतून भायखळ्यास मोठे रुग्णालय उभे राहिले. ते आज जे. जे. रुग्णालय म्हणून सर्वांस ठाऊक आहे. माहीम व वांद्रे यांच्यामध्ये त्या काळी खाडी होती आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसे बुडत. आवाबाईंनी आपल्या पैशांतून तेथे रस्ता बांधवला आणि अट घातली की, या रस्त्याने जाणाऱ्याकडून पथकर घेऊ नये. इ. स. १८४५ मध्ये तो रस्ता खुला झाला. पुण्यास मुळामुठा नदीवरील बंधाऱ्यासाठी, मुंबईस चित्रकला व हस्तकला शिकवणाऱ्या शाळेसाठी, दुष्काळात व आगीत सापडलेल्या लोकांसाठी त्यांनी दिलेल्या देणग्यांची यादी लांब आहे. इ. स. १८४२ मध्ये इंग्लंडच्या राणीने त्यांस सर ही पदवी दिली आणि १८५७ मध्ये बॅरोनेट केले. हे दोन्ही मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत.

१४ एप्रिल १८५९ रोजी वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी जमशेटजींचे निधन झाले.

जनावरांस क्रूरपणे वागवणे हा गुन्हा ठरवणारा कायदा इंग्लंडात इ. स. १८२२ मध्येच झाला होता. रिचर्ड मार्टिन नावाच्या सभासदाने पार्लमेंटात तो मांडला, तेव्हा लोक त्यांची थट्टा करीत. दोन वर्षांनी लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालणारी एक संस्था निघाली. मुंबईतही तशीच संस्था इ. स. १८७४ मध्ये स्थापन झाली. पुढे थोड्याच वर्षांत परळ येथे जनावरांचे मोठे रुग्णालय निघाले. त्यास दिनशा माणेकजी पेटिट या दुसऱ्या पारशी गृहस्थांनी धन दिले आणि त्यांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव त्या रुग्णालयास मिळाले. त्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यांचे महाविद्यालय सुरू झाले. पांजरापोळात जनावरास आसरा मिळत असे. आता त्याच्यावर शास्त्रीय उपचारही होऊ लागले.

कायदाही हळूहळू मागून आला. इ. स. १८९० मध्ये हिंदुस्थानासाठी प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा पहिला मोठा कायदा झाला. पण त्याचा हात फार लांब पोचत नसे. स्वातंत्र्यानंतर राज्यसभेच्या सभासद रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी नव्या कायद्याचे विधेयक मांडले आणि त्यांच्या खटपटीचे फळ म्हणून १९६० चा कायदा झाला. जनावरावर त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादणे, आजारी जनावरास कामाला जुंपणे, त्यास उपाशी किंवा तहानलेले ठेवणे, पाळलेले जनावर म्हातारे झाले म्हणून सोडून देणे, हे सर्व त्या कायद्याने गुन्हे ठरले. आणि ज्या कुत्र्यांवरून १८३२ मध्ये मुंबईत रणकंदन माजले, त्यांच्याविषयीचे नियम सन २००१ मध्ये झाले. रस्त्यावरील कुत्र्यांस सरसकट मारू नये. त्यांस पकडून त्यांची शस्त्रक्रिया करावी म्हणजे त्यांची संख्या वाढणार नाही, रेबीजची लस टोचावी आणि ज्या भागातून आणले त्याच भागात परत सोडावे, असे ते नियम होते. शेठियांच्या अर्जात कुत्री दूर सोडण्याची विनंती होती. या नियमांत ती परत आणण्याची आज्ञा होती. कारण एका जागची कुत्री हलवली तर तेथे दुसरी येतात, हे मधल्या काळात माणसास कळून चुकले. जीव वाचवावा आणि माणसासही रोगाचे भय राहू नये, या दोन्ही गोष्टी साधण्यास लस हाती येणे आवश्यक होते. ती जमशेटजींच्या हयातीत नव्हती.

या कायद्यान्वये जिल्ह्याजिल्ह्यांत प्राणिरक्षक संस्था असाव्यात असे ठरले. ठाण्याहून घोडबंदरकडे जो रस्ता जातो, त्याच्या बाजूस आजारी व अपघातात जखमी झालेल्या जनावरांवर उपचार केले जातात. घोडबंदर या नावातच घोडे आहेत. परदेशांतून गलबतांवर आणलेले घोडे तेथे उतरवले जात, असे सांगतात. आज त्या रस्त्याने घोडे जात नाहीत, मोटारींची रीघ असते, आणि मोटारींखाली सापडून पाय मोडलेली कुत्री लोक उपचारासाठी उचलून आणतात.

भुलेश्वरचा पांजरापोळाचा वाडा अजून आपल्या जागी आहे. भोवती उंच इमारती झाल्या आहेत आणि गल्लीत माणसांची दाटी असते. आतल्या अंगणात मात्र गाई बांधलेल्या असतात. सकाळी कामावर जाणारे लोक तेथे थांबतात, चार पैशांचा चारा विकत घेतात, गाईंपुढे टाकतात आणि आपल्या वाटेने निघून जातात.